आठवी-नववीत कॉम्प्युटर क्लास लावताय? ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळपर्यंत कुठेही जा, कॉम्प्युटर क्लासची पाटी दिसतेच. कुठे एमएस-सीआयटी आणि टॅली, कुठे सरकारी टायपिंग, कुठे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, रोबोटिक्स आणि आता एआय. मी शाळेत संगणक शिकवते. पालकसभा संपली की आठवी-नववीतल्या मुलांचे आईवडील थांबून विचारतात, ‘मॅडम, यातला कुठला लावू?’

कोर्सचं नाव नंतर बघा, असं मी सांगते. मुलाचे स्वतःचे हात कीबोर्डवर किती वेळ असणार आहेत आणि क्लास संपल्यावर त्याला कोणाच्या मदतीशिवाय काय करून दाखवता येणार आहे, हे आधी बघा. या दोन गोष्टी कळल्या की बरेचसे पर्याय आपोआप गळतात. त्या कशा शोधायच्या, ते पुढे सांगते.

पायरी १: आधी घरीच अर्ध्या तासाची परीक्षा घ्या

मोबाइल सफाईने चालवणाऱ्या मुलाला कॉम्प्युटर येतच असणार, असं घरात सगळे धरून चालतात. लॅबमध्ये वेगळंच दिसतं. फोनवर झकास व्हिडिओ एडिट करणाऱ्या मुलीला आपण आत्ताच सेव्ह केलेली फाइल कुठे गेली ते सापडत नाही. फोनमध्ये फोल्डर उघडून बघायची वेळच येत नाही, त्यात तिचा काय दोष?

म्हणून क्लास शोधण्याआधी मुलाला कॉम्प्युटरसमोर बसवा. घरी नसेल तर नातेवाइकांचा लॅपटॉप चालेल. स्वतःच्या नावाचा फोल्डर करायला सांगा. त्यात मराठीत पाच ओळींचं पत्र टाइप करून त्याचं पीडीएफ करू दे, आणि ते तुम्हाला ईमेलने पाठवू दे, विषयाच्या ओळीसकट. मग एक्सेलसारख्या शीटमध्ये घरातल्या आठ-दहा खर्चांची यादी करून बेरीज काढायला सांगा. शेवटी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा आणि तीच फाइल उघडून दाखवायला सांगा.

या वेळात काहीही सुचवू नका. कुठे अडतंय ते फक्त लिहून ठेवा. पत्रापाशीच अडलं तर पायाभूत कोर्स हवा. शीटच्या बेरजेपर्यंत आलं पण पुढे नाही, तर पायाभूत भाग महिन्याभरात उरकून प्रोग्रॅमिंगकडे जाता येईल. सगळं जमलं, तर ‘बेसिक’ नावाच्या कोर्सवर पैसे घालवू नका. हीच यादी क्लासमध्ये चौकशीला जाताना सोबत ठेवा.

पायरी २: काय आधी, काय नंतर

पायथन, एआय ही नावं मोठी वाटतात म्हणून थेट तिथे उडी मारायची घाई असते. मी लावते तो क्रम असा: फाइल-फोल्डर आणि टायपिंग, मग स्प्रेडशीट, मग प्रोग्रॅमिंग, आणि त्यानंतर आवडीप्रमाणे वेबसाइट, इलेक्ट्रॉनिक्स किंवा डिझाइन.

टायपिंगमध्ये इंग्रजीसोबत मराठी हवंच. बहुतेक मुलं रोमन लिपीत मराठी लिहितात आणि फोन ते देवनागरीत बदलून देतो. इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, शिकायला त्याहून थोडा वेळ जास्त लागतो, पण त्याची मांडणी डोक्यात चटकन बसते. स्वरांच्या मात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताखाली. इंग्रजी ‘के’च्या बटणावर ‘क’ आणि शिफ्ट दाबलं की ‘ख’, ‘आय’वर ‘ग’ आणि शिफ्टसोबत ‘घ’. जोडाक्षरासाठी हलन्त ‘डी’वर. वर्णमाला पाठ असलेल्या मुलाला हे ओळखीचं वाटतं. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की झालं, वेगळा फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेलं कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच उघडतं.

स्प्रेडशीट मुलांना कंटाळवाणी वाटते, कारण ती त्यांना कोणाच्या तरी काल्पनिक मार्कांवर शिकवलेली असते. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी घ्या. एका रकान्यात फ्लॅट नंबर, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात रक्कम, चौथ्यात फोन. या एका शीटमध्ये शिकण्यासारखं पुष्कळ भरलेलं आहे. कोणी लँडलाइनचा नंबर ०२२ पासून टाकला की सुरुवातीचं शून्य गायब होतं, कारण शीट त्याला आकडा समजते. मग रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायला मूल शिकतं. यादी आडनावाप्रमाणे लावायची म्हणून फक्त नावांचा रकाना निवडून सॉर्ट केला, तर नावं हलतात आणि रकमा जागच्या जागी राहतात. देशपांड्यांची वर्गणी कदमांच्या नावावर जाते आणि बेरीज मात्र बरोबरच दिसते! हा धोका मुलाला एकदा डोळ्यांनी दिसला की पुढे कुठलाही डेटा हाताळताना ते सावध राहतं. एआय शिकायचं तर याच सावधपणावर सगळं उभं आहे.

प्रोग्रॅमिंगची सुरुवात सातवी-आठवीत असेल तर स्क्रॅचने करावी. एमआयटीत तयार झालेली ही भाषा मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि ठोकळे जोडून प्रोग्रॅम करता येतो. नववीपासून थेट पायथन चालतं.

पायथनमध्ये जवळजवळ प्रत्येक मूल एका जागी अडखळतं, आणि शिकवणारा कसा आहे हे तिथे कळतं. दोन फ्लॅटची वर्गणी विचारून बेरीज छापणारा प्रोग्रॅम मूल लिहितं. पहिल्याला ५०१, दुसऱ्याला २५१ टाइप करतं. स्क्रीनवर ७५२ यायला हवं, येतं ५०१२५१. इनपुटमधून आलेली गोष्ट पायथन मजकूर धरतं आणि मजकुराला मजकूर जोडणं म्हणजे शेजारी-शेजारी ठेवणं. घाईतले सर ‘इथे इंट लिही’ (इंट म्हणजे मजकुराचा आकडा करणारी सूचना) म्हणून पुढे जातात. चांगले सर थांबतात, विचारतात, ‘हे आकडे चिकटले कसे?’ आणि मुलाला दोन मिनिटं विचार करू देतात. ती दोन मिनिटं देणारा क्लास मिळाला तर तो थोडा लांब असला तरी चालेल.

पायरी ३: शाळेचा बोर्ड बघा

एकाच इमारतीतली तीन मुलं तीन बोर्डांची असू शकतात आणि तिघांना एकच क्लास लागू पडेल असं नाही. सीबीएसईत नववी-दहावीला माहिती तंत्रज्ञान (विषय क्रमांक ४०२) किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता (४१७) घेता येतं. ४०२ मध्ये लिबरऑफिस, म्हणजे एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर, वापरतात, ४१७ मध्ये पायथनची तोंडओळख असते. याच बोर्डाचं अकरावी-बारावीचं कॉम्प्युटर सायन्स (०८३) पायथनवर चालतं. आयसीएसईत दहावीच्या कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सला जावा आहे. त्या मुलाला पायथनच्या क्लासला घातलं तर चांगलंच, पण परीक्षेला त्याचा थेट उपयोग नाही. राज्य मंडळाच्या मुलांवर दहावीत प्रोग्रॅमिंगच्या लेखी पेपरचा ताण नसतो, त्यामुळे त्यांनी मोकळेपणाने आवडीचं शिकावं. माझ्या मते ही मोठी सोय आहे.

आता एमएस-सीआयटी. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा कोर्स म्हणजे संगणक साक्षरता. राज्य सरकारच्या नोकरीच्या जाहिरातींत तो मागतात, म्हणून त्याला मान आहे आणि असावा. सरकारी टायपिंगची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजीचे मिनिटाला ३० आणि ४० शब्दांचे टप्पे आहेत. या दोन्ही गोष्टी दहावीनंतर निवांत करता येतात. आठवीतल्या मुलाला प्रोग्रॅमिंगची ओढ असेल तर केवळ सर्टिफिकेट मिळतं म्हणून आधी एमएस-सीआयटी करायला लावू नका.

पायरी ४: क्लास प्रत्यक्ष बघा आणि तास मोजा

फोनवर फी विचारून निर्णय घेऊ नका. बॅच चालू असते त्या वेळी जा आणि लॅबच्या दारात पाच मिनिटं उभे राहा. एका मशीनवर किती मुलं बसली आहेत? माउस कोणाच्या हातात आहे? सर मुलाच्या हातून माउस घेऊन स्वतःच करून दाखवतात, की बाजूला उभे राहून सांगतात? भिंतीवरच्या टॉपर्सच्या फोटोंपेक्षा हे तुम्हाला जास्त सांगेल.

मग हिशेब करा. क्लास सांगतो, तीन महिने, आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास. म्हणजे साधारण ३६ तास. त्यातला अर्धा वेळ फळ्यावर थिअरी असेल तर उरले १८. एका मशीनवर दोघं असतील तर तुमच्या मुलाच्या वाट्याला ९. फीला ३६ ने नाही, या ९ ने भागा. असं केलं की वरवर महाग वाटणारा, स्वतंत्र मशीन देणारा क्लास पुष्कळदा स्वस्त पडतो.

चौकशीत मी पुढचे प्रश्न विचारायला सांगते:

- बॅच नसताना सरावाला येऊन बसता येतं का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का? घरी कॉम्प्युटर नसलेल्या मुलांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. कळव्यात, दिघ्यात, लोकमान्यनगरात अशी हुशार मुलं कितीतरी आहेत.
- रोज शिकवणारे सर तेच राहणार का? डेमोला एक आणि बॅचला दुसरे, असं नको.
- मागच्या बॅचच्या मुलांनी केलेली कामं दाखवाल का? सगळ्यांचे प्रोजेक्ट हुबेहूब सारखे असतील तर ते फळ्यावरून उतरवलेले आहेत.
- मराठीत समजावता का? मराठी माध्यमाच्या मुलाला कमांड इंग्रजीत असल्या तरी चालतात, ‘असं का होतं’ हे मात्र त्याच्या भाषेत कळायला हवं.

डेमो लेक्चरला मुलाला एकट्याला आत बसू द्या. बाहेर आल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘आज तू काय केलंस, मला करून दाखव’ असं म्हणा. त्याला काही दाखवता आलं, अगदी छोटंसं का होईना, तर तो क्लास यादीत ठेवा.

अंतराचाही विचार करा. संध्याकाळी सहा-साडेसहाला माजिवडा, कापूरबावडीला रस्ता तुंबतो हे ठाणेकरांना सांगायला नको. तासाभराच्या क्लाससाठी मूल येताजाता दीड तास बसमध्ये उभं राहिलं तर ते शिकायच्या मनःस्थितीत उरत नाही. त्यात पावसाळा. चालत जाता येईल असा बरा क्लास लांबच्या उत्तम क्लासपेक्षा बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतो. वर सांगितलेले, विचार करू देणारे सर तेवढे अपवाद. नवी मुंबईत स्टेशनला लागून असलेले क्लास सोयीचे पडतात, कारण ठाणे-वाशी लोकलने ऐरोली, रबाळे, घणसोली गाठायला वेळ लागत नाही.

पायरी ५: रोबोटिक्स आणि एआयच्या जाहिराती वाचताना

रोबोटिक्सच्या क्लासमध्ये तयार किट असतं, पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे तुकडे जोडले की गाडी पळते. मुलं खूश होतात, पण शिकणं तिथे थांबता कामा नये. किट घरी न्यायला मिळतं का, आणि मूल वायर स्वतः जोडतं का, हे विचारा. साधा प्रयोग बघा: आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर एक लाल एलईडी लावायचा. बोर्ड ५ व्होल्ट देतो, लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. उरलेले ३ व्होल्ट सांभाळायला २२० ओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे १४ मिलीअँपिअर प्रवाह वाहतो आणि एलईडी सुरक्षित राहतो. शाळेच्या विज्ञानातला ओहमचा नियम इथे हातात येतो. हे गणित क्लासमध्ये मांडत असतील तर क्लास चांगला.

किट न घेताही सुरुवात होते. टिंकरकॅड नावाच्या मोफत संकेतस्थळावर हेच सर्किट स्क्रीनवर जोडता येतं. मुलाचा रस टिकला तर सुटे भाग घ्यायला एखाद्या रविवारऐवजी कामाच्या दिवशी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं ओळीने आहेत. मुलाला सोबत न्या आणि यादी त्यालाच वाचू द्या.

अनेक शाळांत केंद्राच्या योजनेतून अटल टिंकरिंग लॅब आहेत, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. तुमच्या शाळेत ती असेल तर बाहेरचा क्लास लावण्याआधी तिथल्या शिक्षकांना भेटा.

एआयबद्दल एकच गोष्ट ठामपणे सांगते. क्लासला विचारा, ‘मुलं चॅटजीपीटीकडून प्रोग्रॅम लिहून घेतात तेव्हा तुम्ही काय करता?’ पूर्ण बंदी हे उत्तर मला पटत नाही आणि मोकळं रानही नाही. पहिले काही महिने मुलाने स्वतःच्या हाताने लिहावं, चुकावं, चूक शोधावी. नंतर साधन वापरलं तरी सरांनी त्यातली एखादी गोष्ट बदलायला सांगावी. वर्गणीच्या प्रोग्रॅममध्ये आता दोनऐवजी वीस फ्लॅट घे, असं. बदल करता आला तर प्रोग्रॅम मुलाचा. आणि हे ध्यानात असू द्या की चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांना ते वापरता येत नाही आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते.

पायरी ६: घरच्या सरावाची सोय

क्लासला जाऊन आलं आणि घरी सराव नाही, तर आठवड्याभरात निम्मं विसरायला होतं. नवा लॅपटॉप घ्यायलाच हवा असं नाही. शाळकरी कामासाठी ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला वापरलेला लॅपटॉप भरपूर झाला. घेताना प्रोसेसर बघा. विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना मिळाला आणि स्वस्तात मिळाला, तर त्यावर विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाका. दोन्ही मोफत आहेत, पायथन आणि लिबरऑफिस त्यावर उत्तम चालतात.

शिकण्याचं साहित्यही मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस, लिनक्ससारख्या विषयांचे छोटे व्हिडिओ मराठी निवेदनासह मिळतात. व्हिडिओ अर्ध्यावर थांबवायचा, तेवढं करून बघायचं, मग पुढे जायचं. स्वतःहून अभ्यास करणाऱ्या मुलाला क्लासऐवजी हेच पुरतं, आणि तसं असेल तर मी क्लास लावू नका असं सांगते.

कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवा. क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलीचा नाही, तुमचा नंबर द्या. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आहे, हा आकडा मुलालाही पाठ असू दे.

पायरी ७: वर्षाचं गणित

सगळ्यात चांगला काळ म्हणजे आठवीची मे महिन्याची सुट्टी ते नववीची दिवाळी. दहावीच्या वर्षात नवा क्लास लावू नका. आधीपासून चालू असेल तर रविवारचा एक तास ठेवा, मुलाला तो विरंगुळा वाटतो. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की अकरावी सुरू होईपर्यंत मोठा मोकळा काळ मिळतो. टायपिंग, एमएस-सीआयटी किंवा पायथनचा पुढचा भाग तेव्हा करावा. मात्र त्या काळात बॅचेस खचाखच भरतात, त्यामुळे जागा फेब्रुवारीतच विचारून ठेवा.

पायरी ८: फी भरताना

एकरकमी भरल्यावर सूट देतात, तरी पहिल्यांदा हप्त्यानेच भरा. मधेच क्लास सोडला तर किती पैसे परत मिळतील ते पावतीवर किंवा फॉर्मवर लिहून घ्या, तोंडी आश्वासन पुरत नाही. जीएसटी लावला असेल तर पावतीवर त्यांचा जीएसटी क्रमांक हवा. ‘शंभर टक्के नोकरी’ असं नववीतल्या मुलाला सांगणाऱ्या क्लासमधून सरळ बाहेर पडा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पायरी ९: महिन्याने तपासा, मग पुढचं ठरवा

महिन्याभराने पहिल्या पायरीतली परीक्षा पुन्हा घ्या, थोडी वाढवून. मूल अडलं तर सरांना भेटा, यादी दाखवा. दुसऱ्या महिन्यातही फरक नसेल तर बॅच बदला किंवा क्लास बदला. मुलाला विषयच रुचत नसेल तर तेही मान्य करा. फाइल, टायपिंग आणि स्प्रेडशीट एवढं प्रत्येकाला यावं, प्रोग्रॅमिंग प्रत्येकाला आवडलंच पाहिजे असं नाही.

ज्यांना आवडलं त्यांच्यापुढे दहावीनंतर तीन वाटा आहेत. अकरावी विज्ञानला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा विषय आहे. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुधा जीवशास्त्र, सुटतो. म्हणून डॉक्टरकीचा विचार असेल तर आधी नीट बोलून घ्या. दुसरी वाट पॉलिटेक्निकची. तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलाला मी हीच वाट आधी सुचवते. तिसरी आयटीआयमधल्या कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेडची, एका वर्षाची, लवकर कमवायला लागायचं असलेल्यांसाठी. बायफोकलच्या जागा मोजक्या असतात आणि प्रत्येक कॉलेजात तो विषय नसतो. त्यामुळे निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच जवळच्या दोन-तीन कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन जागा, फी आणि लॅब बघून या.